अडखळण्याच्या जागा

हेडफोन कानावर चढवले तेव्हा काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने बोट वर करून थांबायला सांगितलं, आणि ती थांबली. या कामात अर्धा दिवस थांबण्यातच जातो. भिंतींना करड्या स्पंजचे चौकोन, समोर स्टँडवर सुटी पानं, उजव्या हाताशी कोमट पाण्याचा पेला, आणि पोटात घाईघाईने ढकललेली दोन बिस्किटं, कारण रिकामं पोट गुरगुरलं की माइक ते इमानेइतबारे टिपतो. असं सगळं यथासांग असताना तिच्या कानात कुणीतरी श्वास घेतला. शब्द नाही, नुसता श्वास. नाकाने घेतलेला, मध्येच किंचित अडकलेला, बोलावं की राहू द्यावं हे माणसाचं अजून ठरलं नसल्यासारखा. सात वर्षं ती त्या श्वासाशेजारी झोपली होती, आणि पुढची बावीस वर्षं तो कुठे ऐकू येऊ नये म्हणून तिने रेडिओवरची नाटकं ऐकणं सोडलं होतं, ओळखीतली लग्नं टाळली होती, एकदा तर दवाखान्यात आलेला नंबर टाकून घरी निघून आली होती. "मी जे सांगणार आहे, त्यातलं सगळंच मला नीट आठवतं असं नाही," तो आवाज म्हणाला. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मांडीवरही तो बारीक आवाजात बोलतच राहिला.

"काय झालं, ताई? मोठा होता का आवाज?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"कोण हे?"

"दुसरे निवेदक. तुमचं प्रकरण संपतं तिथे त्यांचं सुरू होतं ना. म्हटलं सांधा ऐकवावा, म्हणजे तुम्हाला पट्टी कळेल. कसलेला माणूस आहे हो."

"माहितीये," ती म्हणाली.

रेकॉर्डिस्टला वाटलं, कीर्तीने माहीत असेल. त्याने मान डोलावली आणि फीत मागे घेतली. फीत कसली, आता सगळं पडद्यावरच असतं, पण ती जुन्या नभोवाणीतली, तिच्या डोक्यात अजून फीतच फिरायची. करारात लिहिलं होतं, ‘पुरुष निवेदक: अनुभवी आवाज’. तिचे दिवस मंगळवार-शुक्रवार, त्याचे बुधवार-शनिवार. म्हणजे महिनाभर दोघं एकाच खुर्चीत बसत होते, एकाच माइकसमोर, आणि खुर्चीची उंची दर वेळी कुणीतरी बदलून ठेवतं म्हणून ती मनातल्या मनात चरफडत होती. तरी तिने सही करताना विचारलं नव्हतं. जग एवढं मोठं आहे म्हणतात, पण नको असलेल्या माणसाला भेटायच्या वेळी ते नेमकं दोन खोल्यांचं होतं.

पुस्तक रहस्यकथेचं होतं. एका बाईची धाकटी बहीण गच्चीवरून पडून मरते. त्या वेळी गच्चीवर बाई आणि तिचा नवरा, दोघंच असतात. मग एक प्रकरण बायकोचं, एक नवऱ्याचं. दोघं शिकलेले, दोघं दुखावलेले, दोघं आईची शपथ घेऊन सांगणारे की ढकललं ते दुसऱ्याने. लेखकाने शेवटच्या पानापर्यंत कुणाचीच बाजू घेतली नव्हती आणि शेवटच्या पानावर दोघांच्याही थोबाडीत मारून तो मोकळा झाला होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही दोन तोंडांनी, आणि लोक ते कानात घालून भाजी चिरणार. पण ध्वनिपुस्तकं काढणाऱ्या या कंपनीची एक रीत होती. पहिली सहा प्रकरणं तयार झाली की ती चाळीस अनोळखी लोकांना ऐकवायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा: तुमचा विश्वास कुणावर बसला? ही रीत ठाऊक असताना तिने काम घेतलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला काय त्याचं. त्या शुक्रवारी घरी जाताना तिला पहिल्यांदा जाणवलं की ते चाळीस लोक कोण आहेत, कुठे राहतात, काय ऐकतात याची आपल्याला भयंकर काळजी लागली आहे.

नभोवाणीत तिला घड्याळबाई म्हणत. दहा मिनिटांचं बातमीपत्र ती नऊ मिनिटं पन्नास सेकंदांवर संपवायची, मग त्यात भूकंप असो की मंत्रिमंडळ पडलेलं असो. शब्द अडला नाही, श्वास ऐकू आला नाही. तो नाटक विभागात होता. दुपारच्या कँटीनमध्ये पाय पसरून बसायचा आणि तिला चिडवायचा, "बातमी वाचणं म्हणजे इस्त्री करणं. सुरकुती दिसली की दाबायची. आमच्याकडे सुरकुतीच विकतात." तिला ते तेव्हा फार आवडलं होतं. माणूस आवडला की त्याची टोमणेबाजीसुद्धा हुशारी वाटते. पुढे हुशारीसुद्धा टोमणा वाटायला लागते. लग्न झालं, मुलगा झाला, आणि मुलगा झाल्यावर घरात पाळ्या सुरू झाल्या. तिची पाळी, त्याची पाळी, कोण आधी निघणार, कोण उशिरा येणार. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं एकमेकांना घराच्या दारातच काय ते भेटत, एक जण चपला काढताना आणि दुसरा घालताना.

आणि मग तो गुरुवार. मुलगा पाच वर्षांचा. त्या दुपारी घरात एक तास पन्नास मिनिटं तो एकटा होता. दाराच्या वरच्या लॅचपर्यंत हात पोचावा म्हणून त्याने खुर्ची ओढली, खुर्चीवर स्टूल ठेवलं, आणि वरून पडला. डावं कोपर दोन ठिकाणी मोडलं. ते जुळलं, पण आजतागायत सरळ होत नाही. शेजारच्या बाईंनी रडणं ऐकलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं याचा विचार तिने कधी पुरा केला नाही. अर्ध्यात सोडून ती उठायची आणि काहीतरी घासायला घ्यायची. घरात कुणी असायला हवं होतं हा प्रश्नच नव्हता. कोण, हा होता. तिचं म्हणणं, मी निघाले तेव्हा तो घरात होता. त्याचं म्हणणं, मी सव्वादोनलाच निघालो, तिला सांगून निघालो, ती स्वयंपाकघरात बातमीपत्राचा सराव करत होती, तिने मान हलवली.

मुलगा कुणाकडे राहणार हे ठरवणाऱ्या न्यायाधीश बाई चष्म्यातून नव्हे, चष्म्यावरून बघत. तिने साक्षीची तयारी तीन दिवस केली. तिला दुसरं काय येत होतं? महत्त्वाची गोष्ट आधी, तपशील नंतर, वेळा अचूक, आवाज खालच्या पट्टीत. "दोन वाजून अडतीस मिनिटांनी ऑफिसची गाडी खाली आली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी बाथरूमच्या दाराशी गेले." आपल्या पोटच्या पोराचं मोडलेलं कोपर तिने साडेचार मिनिटांत वाचून दाखवलं, एकदाही न अडखळता. दुसरी कुठलीही आई तिथे रडली असती, चुकली असती, तारखांचा घोळ घातला असता. तिच्या कामाने तिला ते येऊच दिलं नाही. मग तो उभा राहिला. पाणी मागितलं. प्यायला. म्हणाला, "तिने मान हलवली." थांबला. "मला वाटतं, हलवली. मी दाराकडे वळलो होतो... अगदी नक्की नाही सांगता येणार." न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं, चष्म्यातून. तिला तिथेच कळलं. निकालात वाक्य होतं, ‘अर्जदार बाईंची साक्ष पाठ केलेली वाटते.’ मुलगा बापाकडे आणि आत्याकडे गेला. तिला एकाआड एक रविवार.

त्या साक्षीत एक गोष्ट खोटी होती. तिच्या वकिलाने विचारलं होतं, त्याला पाहिलंत का? ती म्हणाली, बाथरूमचा दिवा लागला होता, आत पाणी वाहत होतं, मी दारातून म्हटलं, निघते. वकील म्हणाला, बाई, पाहिलंत का ते सांगा. मग तिने पाहिलं. एकदा पाहिलं म्हटल्यावर कसं पाहिलं तेही आलं: दार अर्धवट उघडलं, डाव्या गालाला दाढीच्या साबणाचा फेस, म्हणाला, जा तू, मी आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तो फेस तिने वकिलाच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून, स्वतःच्या हाताने त्याच्या गालाला लावला होता. दार बंद होतं. आतून काही उत्तर आलं नव्हतं. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता आणि साडेतीनचं बातमीपत्र होतं. नळ कुणी उघडा टाकला होता हे आजवर कुणाला कळलेलं नाही. आणि दुखण्यासारखी गोष्ट ही की फेसाबद्दल कोर्टात कुणी चकार शब्द काढला नाही. खोट्या ठरल्या त्या वेळा. वेळा खऱ्या होत्या. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ते ज्याने कुणी लिहिलं, तो कधी कोर्टाची पायरी चढला नसावा.

तीन आठवड्यांनी निर्माती मुलगी हातात कागद घेऊन काचेच्या अलीकडे आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण बोलताना ओठ चावायची म्हणून मुलगी.

"ताई, पाहणी आली. एकतीस-नऊ."

"कुणाचे एकतीस?"

ओठ चावला गेला. "त्यांचे. वाचन तुमचं इतकं स्वच्छ आहे ना, की लोकांना ती बाई... बनेल वाटते."

"ती आहेच की बनेल. पुस्तकातच आहे."

"तोही आहे ना पण. दोघं सारखेच आहेत. ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळता कामा नये. वीस-वीस यायला हवे होते."

"मग मी काय करायचं?"

"थोडं अडखळा," मुलगी म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने स्वतः जाऊन पाण्याचा पेला भरून आणला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी अडखळायला शिकायचं. तिला हसू आलं आणि ते तोंडातच आंबलं. एकतीस माणसं. ना त्यांनी तिला पाहिलेलं, ना त्याला. ना त्यांना कोपर माहीत, ना गुरुवार. कोऱ्या पाटीसारखी बसवली होती त्यांना, आणि तरी त्यांनी तेच केलं जे त्या चष्म्यावाल्या बाईने केलं. म्हणजे त्या बाईचाही दोष नव्हता तर. इतकी वर्षं तिने तिला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या, चष्म्याच्या काचांसकट. आता त्या शिव्या परत घ्याव्या लागणार होत्या आणि त्या ठेवायला घरात जागा नव्हती.

शिकवलं रेकॉर्डिस्टने. सज्जन माणूस, पन्नाशीचा, श्वास कापता कापता त्याची हयात गेलेली. त्याने पेन्सिलीने तिच्या पानांवर रेघा मारल्या. इथे थांबा. इथे एक शब्द उचला, सोडा, परत उचला. तिने पहिल्यांदा थांबायचं केलं ते नेमकं तिथे, जिथे पुस्तकातली बायको म्हणते की मी बहिणीच्या जवळसुद्धा नव्हते.

"नाही नाही, तिथे नको!" तो काचेमागून हात हलवत म्हणाला. "खोट्याच्या आधी थांबलात की पकडले गेलात. खोटं सरळ म्हणायचं. अडखळायचं त्याच्या शेजारी. वार कोणता होता, साडी कुठली होती, असल्या फालतू जागी. ऐकणारा म्हणतो, एवढ्याशा गोष्टीत जी बाई इतकी जपून बोलते, ती मोठ्या गोष्टीत कशाला फसवेल?"

"कुठे शिकलात हे?"

"यांच्याकडूनच की. बुधवारवाल्यांकडून. जेवताना सांगत होते." मग तो माइक बंद करून, तरी आवाज खाली आणून म्हणाला, "पण त्यांचं थांबणं म्हणजे सगळी कलाकारी नाही हं, ताई. दम लागतो त्यांना. फुप्फुसाचं काहीतरी आहे. एक पान झालं की बसून राहतात. आधी मी त्या जागा कापत होतो. मग मॅडम म्हणाल्या, राहू दे, छान वाटतं."

छान वाटतं. म्हातारा धापा टाकतो आणि एकतीस लोकांना वाटतं, किती प्रामाणिक. तिला आनंद व्हायला हवा होता, निदान थोडासा, गालातल्या गालात. झाला नाही. कारण त्याच वेळी दुसरीच एक गोष्ट तिच्या आत सरकायला लागली होती. खोटं सरळ म्हणायचं आणि शेजारी अडखळायचं, हा जर त्याचा नियम, तर कोर्टात तो अडखळला कुठे? वारावर नाही. वेळेवर नाही. ‘मला वाटतं, हलवली.’ तो नेमका त्या मानेवरच अडखळला होता. त्याच्याच नियमाने ते खोटं नव्हतं. तिने तो विचार झटकला. बावीस वर्षं जपलेला राग असा कुणाच्या जेवणातल्या गप्पांवरून टाकून द्यायचा नसतो. माणसाला काही सवयी असतात, दमा असतो, त्यावरून निकाल लावत नाहीत. आणि लावायचाच तर मग एकतीसवाल्यांत आणि आपल्यात फरक काय? तिने पान सारखं केलं आणि वाचायला लागली. अर्ध्या पानावर रेकॉर्डिस्टने हात वर केला.

"एक सांगू का, राग मानू नका. प्रत्येक वाक्य संपलं की तुमची मान हलते. अशी, होकारासारखी. तोंड माइकपासून लांब जातं, शेवटचा शब्द पडतो. कुणी सांगितलं नाही कधी?"

कुणी सांगितलं नव्हतं. बातमीपत्राच्या खोलीत ती एकटीच असायची, आणि स्वयंपाकघरात पाठमोरी. तिने काचेत स्वतःकडे बघत एक वाक्य वाचलं. पूर्णविराम आला आणि काचेतल्या बाईने, करड्या केसांच्या, कुणाचंही ऐकून न घेणाऱ्या बाईने, समजूतदारपणे मान हलवली. म्हणजे असं झालं असेल. तो दाराशी येऊन म्हणाला असेल, जाऊन येतो गं. आणि तिचं वाक्य संपलं असेल. कुठल्या तरी धरणाची पातळी, कुठल्या तरी परिषदेचा समारोप, पूर्णविराम, मान. तिने ऐकलंच नव्हतं. त्याने पाहिलं होतं. दोघंही खरं बोलत होते आणि पोर खुर्चीवर स्टूल चढवत होतं. किंवा असंही असेल की तो काहीच न सांगता गेला आणि ही मान त्याने पुढे जुळवली, जसा तिने फेस जुळवला. सात वर्षांत त्याने तिची मान किती तरी वेळा पाहिली असणार. हेही शक्य, तेही शक्य. त्या शुक्रवारी ती चार पानंच वाचू शकली. रेकॉर्डिस्ट म्हणाला, आज अडखळणं अगदी झकास जमलं.

रविवारी दुपारी मुलगा आला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत देखरेखीचं काम करायचा. वर येताना तिच्या इमारतीच्या लिफ्टचा आवाज ऐकून कपाळाला आठ्या घालायचा आणि त्याच आठ्या घेऊन आत यायचा. खुर्चीच्या कडेवर बसला, डावा हात पोटाशी दुमडलेला. सत्तावीस वर्षांचा झाला तरी त्या हाताकडे आपण बघतो हे त्याला कळू नये म्हणून ती कपाकडे बघायची. सूनबाईची रजा संपत होती. शाळेत गणित शिकवायची ती, सोमवारपासून वर्ग. नात चौदा महिन्यांची. इतके दिवस घरी आजोबा होते, म्हणजे तोच, पण आता त्यांच्याने तिच्यामागे धावणं होत नव्हतं.

"माणूस ठेवायचा म्हटलं तर हिचा जीव लागत नाही," तो म्हणाला. "मी म्हटलं, आई आहे की. तर ती म्हणाली, आधी विचारून ये."

"काय विचारून ये?"

"त्या दिवशीचं." त्याने कप खाली ठेवला. "तिचंही बरोबर आहे गं. तिला एवढंच माहितीये की माझी आई मला एकट्याला टाकून कामाला गेली. बाबांनी तेच सांगितलंय."

"तुला मी हजारदा सांगितलंय."

"सांगितलंयस. दोन अडतीस, दोन चाळीस. पाठ आहे मला. आज वेळा नको सांगूस, आई. काय झालं ते सांग."

तिला खरंच खरं सांगायचं होतं. शुक्रवारपासून तिने मनाशी तसं ठरवलंही होतं: सांगू, मला माहीत नाही म्हणून. कदाचित त्याने सांगितलं असेल, कदाचित मी ऐकलं नसेल. पण खरं सांगायचं म्हणजे न बघता निघाले हे सांगायचं, आणि हे घेऊन तो घरी गेला की सूनबाई म्हणणार, बघ, म्हटलं नव्हतं? चौदा महिन्यांची नात तिने आतापर्यंत सहा वेळा पाहिली होती. सहाही वेळा दुसऱ्या कुणाच्या कडेवर. तिने तोंड उघडलं तर घसा कोरडा पडला होता आणि शब्द खरोखरच अडकला. "गुरुवार..." ती म्हणाली आणि थांबली. हे थांबणं तिचं नव्हतं, घशाचं होतं. पण तिने मुलाचा चेहरा पाहिला. आठ्या सुटल्या होत्या. तो पुढे झुकला होता. जन्मात पहिल्यांदा तो तिचं ऐकत होता, आणि ती अजून काही बोललीसुद्धा नव्हती.

मग तिने बाकीचं केलं. "गुरुवार होता की... बुधवार असेल. नाही, गुरुवारच. तू निळा शर्ट घातला होतास. नाही बघ, निळा नंतर घेतला आपण, तो पिवळा असेल." गुरुवार तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा ठाऊक होता आणि शर्ट निळाच होता. ती पाणी प्यायली. "गाडी आली होती. मी बाथरूमशी गेले. त्याने दार उघडलं. तोंडाला साबण होता. म्हणाला, जा तू, मी आहे." हे तिने सरळ म्हटलं, एका दमात. "एका गालाला होता की दोन्ही... मला आता आठवत नाही रे. मी कोर्टात सांगितलं होतं काहीतरी. आता नाही आठवत."

मुलाने दुमडलेल्या हाताने डोळे पुसले. तो हात डोळ्यांपर्यंत पोचवायला त्याला मानच खाली आणावी लागायची. "मला पाण्याचा आवाज आठवतो," तो म्हणाला. "लहानपणापासून. बाबा म्हणायचे, तुझ्या मनाचे खेळ आहेत. एवढी वर्षं तू हे असं का नाही सांगितलंस? पोपटासारखी बोलायचीस नुसती. मला वाटायचं, ज्या बाईला रडू येत नाही ती..."

"असू दे," ती म्हणाली.

"असू दे काय! दाढी करत होते. घरात होते. आणि मला अजून परवापर्यंत सांगत होते की आईने मान हलवली." तो उठून खिडकीशी गेला. "पिल्लूला सोमवारपासून इकडे आणतो. आणि त्यांना आत्याकडे पाठवतो."

ती हेच तर मागत आली होती, बावीस वर्षं. त्याने खोटं पडावं, पोराच्या नजरेतून उतरावं, त्याला कळावं कसं असतं ते. आता ते ताटात वाढून आलं तर घास घशाखाली जाईना. "अरे, आत्या सत्तरीच्या पुढे आहे," ती म्हणाली. "तिचंच तिला होत नाही. आणि त्याला दम लागतो. त्याच्या उशाशी कुणीतरी हवं."

"मी पाच वर्षांचा होतो," मुलगा म्हणाला.

तिने बोलायचं ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा तोंडच उघडलं, आणि त्यातून आली ती घड्याळबाई. "मी त्याला पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "बाथरूमचं दार बंद होतं. दिवा लागला होता आणि पाणी वाहत होतं. मी उत्तराची वाट न बघता निघाले. साबणाचा फेस मी वकिलाच्या ऑफिसात रचला. तो आधीच सांगून गेला असण्याची शक्यता आहे." सहा वाक्यं, खालच्या पट्टीत, इस्त्री केलेली. त्या दिवसाबद्दल इतकं संपूर्ण खरं ती कधीच, कुणालाच बोलली नव्हती.

मुलगा खिडकीपासून वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने त्याच्या लहानपणी, कोपर मोडायच्या आधी, शेवटचं पाहिलं होतं. तो जवळ आला, तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला, आणि चांगला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "पुरे, आई," तो म्हणाला. "त्यांना वाचवायला खोटं बोलू नकोस. तुला जमतही नाही ते. आवाजावरून लगेच कळतं."

तिला माहीत होतं, आता काय करायला हवं. ते फार अवघड नव्हतं. हेच वाक्य पुन्हा घ्यायचं, ‘मी त्याला’पाशी सोडायचं, पेला उचलायचा, न पिता खाली ठेवायचा, वकिलाच्या ऑफिसातल्या पंख्याबद्दल काहीतरी चुकीचं बोलून ते दुरुस्त करायचं. दोन मिनिटांचं काम. त्याने विश्वास ठेवला असता. खऱ्यावर विश्वास बसवायची कला तिला आता येत होती, आणि समोर बसलेला श्रोता तिला पोटातून ओळखत होता. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. हात उबदार होता. मी खरं सांगितलं, त्याने ऐकलं नाही, यात माझा काय दोष, असं एक वाक्य तिच्या मनात तयार झालं. स्वच्छ, कुठेही न अडणारं. ते खोटं आहे हे तिला ते तयार होतानाच कळलं.

"सोमवारी किती वाजता आणशील तिला?" तिने विचारलं.